खोटा ग्रह, खरे गुरुत्वाकर्षण

‘गेम’ म्हटले की आपल्याकडच्या सुशिक्षित माणसाच्या कपाळावर आठी चढते. त्यानंतर सहसा दोनच वाक्ये ऐकू येतात. पहिले, मुले वाया चालली. दुसरे, जरा समंजस माणसाचे, की खेळायचेच असेल तर काहीतरी शैक्षणिक खेळा. मला या दुसऱ्या वाक्याची जास्त धास्ती वाटते. कारण शैक्षणिक गेम म्हणजे काय, तर झाडावर एक माकड बसलेले असते, ते पाण्याचे रासायनिक सूत्र विचारते, उत्तर बरोबर आले की टाळ्या वाजतात आणि एक केळे मिळते. ही परीक्षाच झाली, फक्त डोक्यावर रंगीत टोपी घातलेली. विज्ञान तिथे दारावरच्या तिकीट तपासनिसासारखे उभे असते. तिकीट दाखवा आणि आत जा. आत गेल्यावर त्या जगात पाणी उताराकडे वाहते की चढाकडे, याच्याशी त्या सूत्राचा काही संबंध नसतो.

मी कला शाखेचा माणूस. गणिताची आणि माझी फारकत दहावीलाच झाली. तरीही गेममधल्या विज्ञानावर लिहायचे धाडस करतो आहे, कारण माझ्या मते हा प्रश्न मुळात विज्ञानाचा नाहीच. तो कलेचा आहे. जत्रेच्या रात्री देवळासमोर उभ्या केलेल्या रंगमंचाकडे पाहा. रंगवलेला पडदा म्हणजे घोर अरण्य, हे आपण विनातक्रार मान्य करतो. सरदाराच्या मिशा गोंदाने चिकटवलेल्या आहेत हे पहिल्या रांगेत मांडी घालून बसलेल्या पोरालाही दिसते. पण तलवार उपसलेल्या त्याच सरदाराच्या मनगटावर घड्याळ दिसले की सगळा मांडव हसतो आणि पुढची दहा मिनिटे नाटक हाताला लागत नाही. खोटेपणा प्रेक्षकाला चालतो, नव्हे, तो त्यासाठीच आलेला असतो. मात्र एकदा ठरवलेला नियम तुम्हीच मोडलात की तो तुम्हाला माफ करत नाही.

गेमच्या जगाला तर हे दुप्पट लागू होते, कारण तिथे प्रेक्षक नुसता बसून नसतो. तो पडद्यामागे जाऊन बघतो. भिंतीला धक्का देऊन पाहतो, पाण्यात आग टाकून पाहतो, उंच कड्यावरून मुद्दाम उडी मारतो. त्या जगाला स्वतःचे नियम असतील तर प्रत्येक धक्क्याला काहीतरी उत्तर मिळते. नसतील तर पडदा फाटतो.

म्हणूनच मला १९६२ सालच्या ‘स्पेसवॉर’ची गोष्ट फार आवडते. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत पीडीपी-१ नावाचा, कपाटाएवढा संगणक होता. स्टीव्ह रसेल आणि त्याच्या मित्रमंडळींनी त्यावर दोन अवकाशयानांच्या लढाईचा खेळ रचला. आधी पार्श्वभूमीला नुसते कसेही विखुरलेले ठिपके होते. पीटर सॅमसन नावाच्या त्यांच्यातल्याच एका मुलाला ते खटकले. त्याने खगोलशास्त्राचे पंचांग काढले आणि विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना साडेबावीस अंशांपर्यंतचे खरे तारे, त्यांच्या खऱ्या तेजस्वितेच्या प्रमाणात, पडद्यावर मांडले. गेम खेळताना त्या ताऱ्यांचा काडीइतका उपयोग नव्हता. पण आपण कुठल्या तरी आकाशात आहोत, हे खेळणाऱ्याला त्यामुळे जाणवले असणार. दुसऱ्या एका सहकाऱ्याने, डॅन एडवर्ड्सने, मधोमध एक तारा ठेवून त्याला गुरुत्वाकर्षण दिले. आणि मग खेळच बदलला. नुसती गोळागोळी करणारा माणूस ताऱ्यात जाऊन पडू लागला आणि ताऱ्याला वळसा घालून वेग मिळवणारा जिंकू लागला.

यातली गंमत पुढे आहे. यानांवर गुरुत्वाकर्षण चालायचे, पण त्यांनी सोडलेल्या टॉर्पेडोंवर नाही. कारण साधे होते. तेवढी आकडेमोड करायला त्या यंत्राला वेळच पुरत नव्हता. म्हणजे गेममध्ये विज्ञान आणणे हा पहिल्या दिवसापासून व्यवहाराचा मामला आहे. काय खरे ठेवायचे आणि काय सोडून द्यायचे, हे कोणीतरी बसून ठरवावे लागते. कारागिराची पारख कळते ती इथे.

या पारखीचा मला माहीत असलेला सर्वात उत्तम नमुना म्हणजे ‘केर्बल स्पेस प्रोग्रॅम’. मेक्सिको सिटीतल्या स्क्वाड नावाच्या कंपनीतला हा गेम. मूळ धंदा जाहिराती आणि विपणनाचा. फेलिपे फालांगे या त्यांच्याकडच्या तरुणाच्या डोक्यातून हा गेम निघाला. २०११ मध्ये तो प्रथम लोकांसमोर आला आणि २०१५ मध्ये पूर्ण स्वरूपात. हिरव्या रंगाचे, मोठ्या डोळ्यांचे, थोडे वेंधळे केर्बल नावाचे प्राणी. त्यांच्यासाठी तुम्ही रॉकेट बांधायचे. टाक्या, इंजिने, पंख, छत्र्या एकमेकांना जोडायच्या आणि उडवून द्यायचे. पहिली दहा-बारा रॉकेटे तळावरच फुटतात. चेहरे कार्टूनचे आणि स्फोट गमतीचे असल्यामुळे कोणी रडत नाही.

आता यात खोटे काय आहे ते आधी सांगतो. केर्बलांचा ग्रह, केर्बिन, याची त्रिज्या अवघी ६०० किलोमीटर. आपल्या पृथ्वीची ६,३७१. पण पृष्ठभागावरचे गुरुत्वाकर्षण मात्र पृथ्वीइतकेच ठेवलेले. याचा अर्थ असा की हा ग्रह पृथ्वीपेक्षा दहापट घन, सोन्याच्याही जवळजवळ तिप्पट जड पदार्थाचा बनलेला असला पाहिजे. असला पदार्थ कुठल्याही ग्रहाच्या पोटात सापडणार नाही. दिवस सहा तासांचा. शिवाय आपल्या आकाशात सूर्य, पृथ्वी, चंद्र सगळेच एकाच वेळी यानाला ओढत असतात. या गेममध्ये एका वेळी एकच गोल ओढतो, त्याच्या हद्दीबाहेर गेलात की दुसऱ्याची ओढ सुरू होते.

इतके खोटे असूनही मी त्याला विज्ञाननिष्ठ म्हणतो. कारण जे खोटे आहे ते सगळे मापाचे आहे, आणि जे खरे आहे तो नियम आहे. ग्रह लहान केल्यामुळे कक्षेत राहायला सेकंदाला साधारण सव्वादोन किलोमीटर वेग पुरतो. पृथ्वीभोवती तोच पावणेआठ लागतो. एक प्रदक्षिणा अर्ध्या तासात होते. नवख्याने बांधलेले वेडेवाकडे रॉकेटही चौथ्या-पाचव्या दिवशी कक्षेत पोहोचू शकते. पृथ्वीच्या मापाचा ग्रह ठेवला असता तर बहुतेकांनी पहिल्याच आठवड्यात नाद सोडला असता. पण कक्षेत पोहोचल्यावर तिथे जे घडते ते न्यूटनच्या आणि केप्लरच्या हिशेबाने, तिथे गेम बनवणाऱ्यांनी एक पैशाची सूट दिलेली नाही.

उदाहरण देतो, कारण हे उदाहरण कळल्यापासून मी ते भेटेल त्याला सांगत असतो. तुमचे यान कक्षेत आहे. त्याच कक्षेत, थोडे पुढे, दुसरे यान आहे. त्याला गाठायचे आहे. काय कराल? वेग वाढवाल. वेग वाढवला की तुमची कक्षा वर उचलली जाते, वरच्या कक्षेत प्रदक्षिणेला जास्त वेळ लागतो आणि तुम्ही आणखी मागे पडता. पुढच्याला गाठायचे तर आधी वेग कमी करायचा. मग तुम्ही खाली येता, खालच्या कक्षेतून लवकर फिरता आणि पुढच्याला गाठता. (सरकारी कचेरीत वीस वर्षे काढलेल्या माणसाला हे पटायला तितका वेळ लागत नाही. आमच्याकडेही फाईल पुढे ढकलायची घाई केली की ती हमखास मागे येते.)

ही चूक केर्बलच करतात असे समजू नका. जून १९६५ मध्ये जेमिनी ४ या मोहिमेत जेम्स मॅकडिव्हिट या अनुभवी वैमानिकाने आपल्याच रॉकेटच्या सुटलेल्या टप्प्याजवळ यान नेण्याचा प्रयत्न केला. विमान चालवणारा करील तेच त्याने केले: नाक त्या दिशेला वळवले आणि इंजिन पेटवले. टप्पा जवळ येण्याऐवजी दूर जाऊ लागला. बरेच इंधन जाळल्यावर प्रयत्न सोडून द्यावा लागला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जेमिनी ६ आणि ७ ही याने एकमेकांजवळ आली, ती हा उलटा नियम नीट अंगी बाणवल्यावर. आज एखादा सातवीतला मुलगा हीच गोष्ट शाळेच्या सुट्टीत, खोलीत बसून, स्वतःच्या हाताने शिकतो. त्याला कोणी सूत्र विचारत नाही आणि कोणी केळेही देत नाही. तो नुसता चुकतो, चिडतो आणि पुन्हा करतो.

याचा पडताळा मला २०२३ मध्ये आला. १४ जुलैला चांद्रयान-३ निघाले आणि २३ ऑगस्टला उतरले. अपोलोची माणसे चार दिवसांत चंद्रावर पोहोचत होती, मग आपल्याला चाळीस दिवस का, असा प्रश्न तेव्हा चहाच्या प्रत्येक टेबलावर होता. आपले रॉकेट लहान, म्हणून यान पृथ्वीभोवतीच फिरत ठेवून, दर वेळी ते पृथ्वीच्या सर्वात जवळ आले की इंजिन थोडे पेटवायचे आणि लंबवर्तुळ ताणत न्यायचे. जवळच्या बिंदूलाच का, तर तिथे वेग सर्वात जास्त असतो आणि तेवढ्याच इंधनातून ऊर्जा अधिक मिळते. हे मला वर्तमानपत्र वाचून अर्धवट कळले होते. माझ्या मुलाने मात्र मान वर न करता सांगितले, ‘बाबा, तसेच करतात. एकदम लांब जाळत बसले तर इंधन फुकट जाते.’ त्याला ते ‘ऐकून’ माहीत नव्हते. त्याने ते केले होते. हा फरक मोठा आहे.

याच गेमचा दुसरा भाग २०२३ मध्ये आला. चित्रे कितीतरी देखणी होती. पण सुरुवातीच्या आवृत्तीत इंजिन बंद असतानाही यानाच्या कक्षा आपोआप बदलत असल्याच्या तक्रारी खेळणाऱ्यांनी केल्या, आणि संताप झाला तो त्याचाच. दिसण्यातल्या उणिवा लोकांनी सोसल्या असत्या. पुढच्याच वर्षी त्याचे काम थांबले. त्याला व्यवहारातली इतर कारणेही होतीच. तरी मनगटावरचे घड्याळ मला तिथे दिसले.

विज्ञानाच्या नावाखाली आणखी एक गोष्ट खपवली जाते, ती म्हणजे संख्या. ‘नो मॅन्स स्काय’ हा २०१६ चा गेम. त्यात ग्रह किती, तर वीस आकडी संख्येइतके. जाहिरातीत हाच आकडा ढोलासारखा वाजत होता. पुढच्या वर्षांत त्यांनी गेम पुष्कळ सुधारला हे कबूल केले पाहिजे. पण त्यातले ग्रह सूर्याभोवती फिरतच नाहीत. आपापल्या जागी टांगलेले असतात. वीस आकडी संख्येइतके ग्रह आणि एकालाही वर्ष नाही! मला त्यापेक्षा एकच ग्रह द्या, पण त्यावर ऋतू द्या.

सगळेच खरे हवे, असा आग्रह धरणारेही भेटतात. त्यांच्यापासूनही चार हात दूर राहावे. चंद्रावर जायला तीन दिवस लागतात म्हणून गेममध्येही तीन दिवस खुर्चीत बसवणारा माणूस विज्ञाननिष्ठ नव्हे, रुक्ष आहे. केर्बलमध्ये काळ पळवायची कळ आहे, ती हवीच. आपल्याकडच्या विज्ञानकथेने हा तोल फार पूर्वी साधला होता. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने, म्हणजे आपलीच आद्याक्षरे उलटी करून. आणि तिला पहिले बक्षीस मिळाले. गेल्या पिढीतल्या कितीतरी कला शाखेच्या वाचकांना कृष्णविवर हा शब्द भेटला तो अशा गोष्टींतून. गोष्टीत विज्ञान नुसते वरून भुरभुरलेली कोथिंबीर नसावे, काढून टाकले तर गोष्टच उभी राहू नये, ही कसोटी मी गेमलाही लावतो.

२०१३ च्या ‘द लास्ट ऑफ अस’ला ती लावून पाहा. मुंगीच्या शरीरात शिरून तिला झाडावर चढायला लावणारी, पानाच्या शिरेला चावा घेऊन मरायला लावणारी आणि मग तिच्या डोक्यातून उगवणारी बुरशी खरोखर आहे. बीबीसीच्या २००६ च्या ‘प्लॅनेट अर्थ’ मालिकेत तिचे चित्रीकरण दाखवले गेले आणि गेम बनवणाऱ्यांनी ते पाहिले. ती माणसात शिरली तर, एवढे एकच खोटे त्यांनी घेतले. माणसाच्या रक्ताची ऊब बहुतेक बुरश्यांना मानवत नाही, म्हणून आपण निर्धास्त आहोत. पण बाकी सगळे, ते उगवणे, ते पसरणे, ते बीजाणू, बुरशीच्याच स्वभावाला धरून ठेवले. साध्या भुताखेतांच्या गेमपेक्षा तो जास्त अंगावर येतो तो त्यामुळे.

आणि कधी कधी तर विज्ञान कोणी घातलेले नसतानाही ते उगवते. १३ सप्टेंबर २००५ ला ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये एक नवा शत्रू आला. त्याचा शाप एका खेळाडूकडून जवळच्या दुसऱ्याला लागत असे. शाप त्या जागेतच राहावा अशी योजना होती. पण खेळाडूंची पाळीव जनावरे तो घेऊन बाहेर पडली. शहरांतली दुकानदार पात्रे स्वतः मरत नव्हती, पण शाप वाटत होती. गर्दीची ठिकाणे ओस पडली, नवखे खेळाडू पटापट मेले. काहीजण जखमींना बरे करायला धावले, काही रानात पळाले, काहींनी मुद्दाम लागण पसरवली, आणि काही नुसते बघायला गेले. एरिक लॉफग्रेन आणि नीना फेफरमन या दोघांनी २००७ मध्ये ‘लॅन्सेट इन्फेक्शस डिसीझेस’ या वैद्यकीय नियतकालिकात यावर लेख लिहिला. साथीच्या गणितात माणसे ‘बघायला जातात’ हे कोणी फारसे धरलेच नव्हते. २०२० मध्ये आपण सगळ्यांनीच ते प्रत्यक्ष पाहिले.

आता घरची गोष्ट. आपल्या देशातही उत्तम गेम बनू लागले आहेत. पुण्याच्या नॉडिंग हेड्स या मंडळींचा २०२० मधला ‘राजी’ देखणा आहे. देवदानवांच्या जगात हरवलेल्या भावाला शोधणारी मुलगी. पण आपल्याकडे गेम म्हटला की पुराण, आणि पुराण म्हटले की महाल आणि गदा, एवढ्यावरच गाडी थांबते. आपल्या मातीतले जे विज्ञान आहे त्याचे जग कोणी का बनवू नये?

मला हे सुचले ते ‘टिंबरबॉर्न’मुळे. २०२१ मध्ये लोकांच्या हाती आलेला हा पोलंडमधला गेम. त्यात बीव्हर नावाचे प्राणी नदीला बांध घालून दुष्काळातून तगतात. पाणी कुठे साचेल, कुठून फुटेल, याचा हिशेब गेम सतत करत असतो. तो बघताना माझ्या डोळ्यांसमोर आपली खाजन शेती आली. गोव्यात सुमारे १८ हजार हेक्टर खाजन आहे. भरतीच्या पातळीपेक्षा खाली असलेली ही शेते, खाडीला बांद घालून राखलेली. बांदात मानस. तिचे लाकडी दार असे बसवलेले की भरतीच्या पाण्याने आपोआप मिटावे आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडावे. पावसाने मीठ धुऊन गेले की खारे सोसणारे कोरगुट भात लावायचे. मानशीच्या तोंडाशी जाळे लावून मासे, सुंगटे धरायची. हे सगळे गावकरीने शतकानुशतके चालवले.

केर्बलच्या मापाने याचा गेम कसा होईल, असा मी विचार करतो. शेताचे आकारमान खोटे चालेल, वर्ष दोन तासांत संपले तरी चालेल. पण भरती बारा तास पंचवीस मिनिटांनीच आली पाहिजे, म्हणजे रोज पन्नास मिनिटे उशिरा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण आणि अष्टमीला भांग. बांदाला कुर्ल्या भोके पाडणार. ते भोक भांगाच्या दिवसांत बुजवले तर टोपलीभर चिखलात भागते, उधाणाला सापडले तर शेत जाते. आणि मानशीच्या मासेमारीची पावणी झाली की ज्याने ती घेतली त्याला दार जास्त वेळ उघडे राहावेसे वाटते, कारण मासे जास्त मिळतात, आणि शेतकऱ्याला ते मिटलेले हवे असते. हा भांडणाचा भाग तर आयताच तयार आहे. त्यासाठी राक्षस आणायची गरज नाही. एक खेळाडू भाताचा, एक माशांचा, आणि बांद दोघांचा.

हे बनवायला कोणी तरुण तयार असेल तर त्याने आधी एखाद्या मानसकाराजवळ चार भरत्या बसावे. आकड्यांची अडचण नाही. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरती-ओहोटीचे तक्ते प्रसिद्ध करतो. मुरगाव बंदर त्यात आहे, तारखेनिशी, वेळेनिशी, मीटरनिशी.